महामारीत मृत्यू कोणाला गाठतो?
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या निमित्ताने



जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ या रोगास महामारी असे संबोधिले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. मधल्या काळात मृतांचे आकडे आपण दररोज वाचीत होतो. किती माणसे गेली, हे त्या आकड्यांवरून कळत असे. तीच माणसे का गेली, त्याच आळीतील, त्याच वयाचा, त्याच विषाणूने ग्रासलेला शेजारी का वाचला, हे मात्र त्यांतून कळत नसे. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके आम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहेत. आपल्यापैकी अनेकांनी ते नाशिकला जाताना मोटारीच्या खिडकीतून किंवा भीमाशंकरच्या वाटेवर पाहिले असतील.

मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर कारण लिहिलेले असते. ते खरेच असते, परंतु ते अखेरच्या काही तासांचे कारण असते. त्याआधीचे दहा दिवस आणि त्याही आधीची दहा वर्षे त्या दाखल्यात बसत नाहीत. म्हणून आरोग्यशास्त्राने एक साधी पद्धत शोधली आहे. मृताच्या घरी जाऊन आप्तांशी सविस्तर बोलावयाचे. आजार कधी सुरू झाला, कोणती लक्षणे होती, प्रथम कोणाकडे नेले, वाहन कसे मिळाले, पैसे कोठून आणले, रुग्णालयाने काय सांगितले, हे क्रमाने लिहून घ्यावयाचे. यास 'मौखिक शवचिकित्सा' असे म्हणता येईल. भारताच्या महानिबंधक कार्यालयाने दशलक्ष मृत्यूंचा जो प्रचंड अभ्यास हाती घेतला होता, तो याच पद्धतीवर उभा होता, कारण आपल्या देशात असंख्य मृत्यू घरीच होतात आणि तेथे डॉक्टर उपस्थित नसतो. याच चौकशीत घरची परिस्थिती, अंतर, भीती, कर्ज यांचाही शोध घेतला की तिला 'सामाजिक शवचिकित्सा' हे नाव मिळते. शरीराची चिरफाड न करता मृत्यूचा इतिहास वाचण्याची ही रीत आहे.

अशा चौकशीत सापडलेल्या गोष्टींची मांडणी करण्यासाठी थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्ये एक विचार मांडला. तो बाळंतपणातील मातामृत्यूंविषयी होता, पण महामारीसही तो चपखल लागू पडतो. त्यांच्या मते विलंब तीन प्रकारचे असतात. उपचार घेण्याचे ठरविण्यास लागणारा विलंब हा पहिला. रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास लागणारा दुसरा. पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यास लागणारा तिसरा. कोविडमध्ये हा हिशेब फार निष्ठुर होता. बहुतेकांचा आजार पहिल्या आठवड्यात साध्या तापासारखा वाटे आणि ज्यांचा बिघडावयाचा त्यांचा बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या उंबरठ्यावर बिघडे. शिवाय रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीला उतरला तरी काही रुग्णांना धाप लागत नसे. माणूस ओसरीवर बसून बोलत असे, चहा घेत असे आणि बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९४ च्या कितीतरी खालचा आकडा दाखवीत असे. ज्या घरात ते यंत्र नव्हते, त्या घरास धोक्याची घंटा ऐकूच आली नाही.

आता भूगोलाकडे वळू. पुणे-नाशिक महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. त्यावर मंचर आणि नारायणगाव ही बाजारपेठेची गावे आहेत. महामार्गाच्या आसपासचा आणि पूर्वेकडचा भाग धरणांच्या पाण्यावर भिजलेला आहे. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांनी तो सधन झाला आहे. पश्चिमेस जसजसे जावे तसतशी सह्याद्रीची उंची वाढते, पाऊस वाढतो, शेताचे तुकडे लहान होतात. तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजांच्या वाड्या आहेत. भात, थोडी नाचणी-वरई, हिरड्याची विक्री आणि खाली पूर्वेकडे जाऊन केलेली मजुरी यांवर त्यांचा प्रपंच चालतो. आंबेगाव तालुक्यास ज्या गावाचे नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो.

भीमाशंकरपासून मंचर सुमारे ६० किलोमीटर आणि मंचरपासून पुणेही सुमारे तेवढेच. नकाशावर ही दोन अंतरे सारखी दिसतात. प्रत्यक्षात पहिले अंतर डोंगरी वळणांचे, पावसाळ्यात धुक्याचे आणि दरडींचे आहे. आणि वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची पायवाट त्यात धरलेलीच नाही. ३० जुलै २०१४ रोजी याच भागातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा ती बातमी बाहेरच्या जगास कळली ती त्या मार्गावरील एस.टी.च्या चालकामुळे. संपूर्ण गाव नाहीसे झाल्याचे कळण्यास जेथे एस.टी.ची वाट पाहावी लागते, तेथे एका घरातील एका म्हाताऱ्याचा श्वास वाढल्याचे कोणास कसे कळावे?

एक उदाहरण कल्पनेने रचून पाहू. डिंभ्याच्या जलाशयावरच्या एखाद्या वाडीतील बासष्ट वर्षांचा शेतकरी. दहा वर्षांपासून मधुमेह. गोळ्या संपल्या की बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावयाचे, ही सवय. एप्रिल २०२१. ताप येतो. घरचे म्हणतात, हवा बदलली. तिसऱ्या दिवशी जवळच्या गावातील खासगी डॉक्टर इंजेक्शन देतो, बरे वाटते. चाचणी करावी असे आशा सेविका सुचविते, पण चाचणी सकारात्मक आली तर उचलून नेतील आणि घर बंद करतील ही धास्ती. सातव्या दिवशी जेवण तुटते. आठव्या दिवशी रात्री बोलणे अडखळते. गाडी शोधण्यात पहाट होते. घोडेगाव, तेथून मंचर, तेथे खाट नाही म्हणून पुढे. पुण्यात दाखल होताना त्याच्या रक्तात प्राणवायू इतका कमी आहे की उत्तमातील उत्तम डॉक्टरनेही हात टेकावे. दाखल्यावर कारण लिहिले जाईल, कोविड-१९. त्यात असत्य काही नाही. पण यातील एकेक दिवस कोणी हिसकावून परत दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न तो दाखला विचारीत नाही.

या माणसाचा पहिला दुबळेपणा शरीराचा होता. मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, हृदयरोग, स्थूलपणा आणि वार्धक्य यांमुळे कोविडचा मृत्युधोका वाढतो, हे आता निर्विवाद आहे. परंतु मधुमेह असणे आणि मधुमेह असल्याचे ठाऊक असणे यांत अंतर आहे. ठाऊक असणे आणि तो आटोक्यात असणे यांत त्याहून मोठे. ज्या गावात रक्तशर्करा मोजण्याची सोय महिन्यातून एकदा येते, तेथील रुग्ण महामारीपूर्वीच निम्मी लढाई हरलेला असतो. सधन पूर्व भागास हा आजार अपरिचित नाही, किंबहुना बैठे काम आणि बदललेला आहार यांमुळे तेथे तो अधिक रुजला आहे. शिवाय बाजार समित्या, लग्नकार्ये आणि महामार्ग यांमुळे तेथे माणसांचा संपर्कही दाट. म्हणजे पूर्वेस संसर्ग होण्याची संधी मोठी, आणि पश्चिमेस संसर्ग झाल्यावर मदत मिळण्याची संधी लहान. दोन्हीकडे माणूस मरतो, पण मरणाची वाट वेगळी असते. 'ग्रामीण भाग' या एकाच शब्दात दोघांना कोंबणे आम्हांस योग्य वाटत नाही.

पश्चिमेकडच्या शरीरांचे दुबळेपण निराळ्या जातीचे आहे. रक्तक्षय, कमी वजन, जुना क्षयरोग, चुलीच्या धुराने कमावलेला खोकला, मिश्री व तंबाखू. यांपैकी प्रत्येकाचा कोविडशी संबंध सारखाच घट्ट आहे असे नाही. तरी आधीच थकलेल्या फुप्फुसाला नव्या रोगाशी झुंजावयास बळ कमी पडते, हे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

त्यातच पैशाचा प्रश्न. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मजुरीच्या वाटा आक्रसल्या. मुंबईचे अनेक डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतले. त्यांचा धंदा बसला आणि ते गावी परतले. त्यांच्यासारख्या परतणाऱ्यांस गावाने शाळेत ठेवले, काही ठिकाणी वेशीवर अडविले. जी मुले वर्षानुवर्षे घरी पैसे पाठवीत, त्यांच्याकडे संशयाने पाहण्याची वेळ आली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि डोंगरातील हिरड्याच्या झाडांचेही नुकसान झाले. ज्या कुटुंबांचा वर्षाचा रोख पैसा त्या झाडांवर अवलंबून, त्यांच्या हाती आजारपणासाठी काय उरले असेल? शासनाने २१ मे २०२० रोजी खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले, हे चांगलेच झाले. पण त्या दरपत्रकातही व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचा दर दिवसाला ९,००० रुपये होता आणि महागडी औषधे त्याबाहेर होती. दहा दिवसांचे नव्वद हजार. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना त्याच वर्षी सर्व नागरिकांस खुली झाली, तरी योजना कागदावर असणे आणि मध्यरात्री दारातल्या लिपिकाने ती मान्य करणे यांत पुन्हा एक विलंब असतोच. जमीन गहाण टाकू की थोडी वाट पाहू, असा विचार करणाऱ्या मुलास निष्काळजी म्हणणे सोपे आहे.

भीतीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण तिची मुळे आपल्या इतिहासात आहेत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा सैनिकांकरवी घरे तपासून रुग्णांस व त्यांच्या आप्तांस छावण्यांत नेले जाई. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले, मृत्यूही लपवू लागले. रोगापेक्षा उपायाची दहशत मोठी झाली. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाजवळ जाणारा हात आणि रुग्णास फरफटत नेणारा हात यांतील फरक लोकांस तेव्हाही कळत होता.

२०२० मध्ये छावण्या नव्हत्या. लेण्याद्री येथे, अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या परिसरात अशा ठिकाणी उपचार केंद्रे उभी राहिली आणि तेथील डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांनी जीव धोक्यात घालून काम केले. तरीही 'तेथे गेलेला परत येत नाही' ही वदंता पसरलीच. उशिरा नेलेला रुग्ण दगावतो, त्याच्या दगावण्याने भीती वाढते, भीतीने पुढचा रुग्ण आणखी उशिरा येतो, असे ते चक्र होते. प्रेताविषयीच्या भयाने त्यात भर घातली. आपल्या वाचकांस आठवत असेल, मुंबईत कोविडने मृत झालेल्यांचे दफन करू द्यावे की नाही यावर वाद झाला होता आणि दफनाने रोग पसरतो यास शास्त्रीय आधार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयास मे २०२० मध्ये स्पष्ट करावे लागले. आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन होणार नाही, प्रार्थना होणार नाही, या विचाराने कितीतरी कुटुंबांनी रुग्णास घरीच ठेवले. धार्मिक विधींची ही ओढ अडाणीपणाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिची दखल न घेणारी व्यवस्था मात्र रुग्ण गमावते.

तिसरा विलंब, रुग्णालयाच्या दारातला. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत खाटा आणि प्राणवायू यांची टंचाई देशभर होती. पुणे शहरही त्यातून सुटले नाही, मग तालुक्यांची काय कथा. त्या दिवसांत रेमडेसिव्हिरच्या कुपीसाठी लोक जिल्हाभर धावत होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, दाखल रुग्णांस हे औषध जीव वाचविते याचा पुरावा नाही म्हणून ते देऊ नये असे सुचविले होते. तरी चिठ्ठी लिहिली जात होती आणि एखादा मुलगा बापाजवळ बसण्याऐवजी रांगेत उभा होता. याउलट स्टेरॉइड हे स्वस्त औषध; प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे प्राण त्याने खरोखर वाचविले. परंतु तेच औषध गरज नसताना, फार लवकर वा फार दिवस दिले गेले, तेव्हा मधुमेहींची शर्करा भडकली आणि म्यूकरमायकोसिस या बुरशीच्या आजारास वाट मिळाली. औषधाचे ज्ञान वेळेवर खेड्यापर्यंत न पोहोचणे हादेखील एक सामाजिक घटक आहे, असे आम्ही समजतो.

लसीचेही तसेच. जिच्या लसीवर निम्मा देश विसंबला ती सीरम संस्था पुण्यातलीच. पण १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटास लस घेण्यासाठी आधी संगणकीय नोंदणी सक्तीची झाली आणि ही सक्ती त्या महिन्याच्या २४ तारखेस शिथिल होईपर्यंत ज्याच्याकडे स्मार्टफोन व जाळे त्यालाच दिवस मिळे. डोंगरातल्या वाडीत फोनला जाळे येण्यासाठी टेकाडावर चढावे लागते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शहरातली माणसे मोटारीने खेड्यातील केंद्रावर येऊन लस घेऊन गेल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या. नियम सर्वांस समान होता, हे खरे.

समान नियम आणि समान जंतू यांतूनही मृत्यू किती असमान वाटला जातो, याचा पुरावा शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईने लिहून ठेवला आहे. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून आला. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी, भयंकर लाट उठली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या साथीतील दर हजारी मृत्यूंचे प्रमाण समाजवार असे होते: युरोपियन ८.३, पारशी ९, भारतीय ख्रिस्ती १८.४, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२ आणि तत्कालीन भाषेत ज्यांना 'कनिष्ठ जाती' म्हटले गेले ते हिंदू ६१.६. विषाणूने कोणाची जात विचारली नव्हती. ती विचारली होती चाळीतील खोलीने, नळाच्या पाण्याने, धान्याच्या भावाने. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. भारतात त्या साथीने १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत माणसे गेली असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे जनगणनेच्या इतिहासातील ते एकच दशक.

आणखी एक गोष्ट त्या साथीत दिसली. ऐन तारुण्यातील, वीस ते चाळीस वयाच्या स्त्रिया पुरुषांहून अधिक दगावल्या. घरात सर्वांत शेवटी जेवणारी तीच आणि आजाऱ्याजवळ रात्र काढणारीही तीच. कोविडच्या नोंदलेल्या मृत्यूंत पुरुष अधिक आहेत, हे जगभर आढळले आणि त्यास शारीरिक कारणे आहेत. तथापि 'नोंदलेल्या' या शब्दापाशी आम्ही क्षणभर थांबतो. जिला दवाखान्यात नेलेच नाही, जिची चाचणी झालीच नाही, तिचा मृत्यू कोणत्या रकान्यात गेला असेल? २०२०-२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिला. भारत सरकारने ती पद्धत व तो आकडा अमान्य केला. सरकारी नोंदीतील कोविड मृत्यू याहून कितीतरी कमी आहेत. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. परंतु घरी झालेला मृत्यू मोजला गेला नाही की तो ज्या कारणांनी झाला तीही मोजली जात नाहीत, आणि मग पुढच्या वेळी रुग्णवाहिका कोठे ठेवावी हे ठरविणाऱ्यासमोर कोरा कागद असतो. प्रश्न कुटुंबाच्या पोटाचाही आहे. २०२१ मध्ये मृताच्या वारसास ५०,००० रुपये साह्य ठरले, तेव्हा चाचणीचा कागद नसलेल्या विधवेस कचेरीत काय काय सिद्ध करावे लागले असेल याची कल्पना करावी.

काही गोष्टी उपयोगी पडल्या, त्याही सांगावयास हव्यात. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. तीत पथके घरोघर जाऊन ताप व प्राणवायू मोजीत आणि घरात कोणास मधुमेह, रक्तदाब वा अन्य जुना आजार आहे हे लिहून घेत. वरच्या कल्पित शेतकऱ्याचा पहिला विलंब तोडण्याचे सामर्थ्य याच साध्या कामात होते: बोटाला यंत्र लावणारी ओळखीची बाई, आणि तिच्या वहीत आधीच लिहिलेले त्याचे नाव. त्या आशा सेविकेस तुटपुंजा मोबदला मिळे व ती चालत वाडीवर जाई.

आपल्या धर्मप्रांतातील धर्मगुरूंस शेवटी एक विनंती. दफनानंतर मृताची नोंद धर्मग्रामाच्या मृत्यूपुस्तकात व्हावयास हवी, असे ख्रिस्तसभेचे नियमशास्त्र सांगते. कित्येक ठिकाणी ही पुस्तके शतकाहून जुनी आहेत. १९१८ च्या ऑक्टोबरची पाने ज्यांनी उघडून पाहिली असतील, त्यांस तेथे लागोपाठ आलेली नावे दिसली असतील. बहुतेक ठिकाणी त्यापलीकडे काही नाही. २०२० आणि २०२१ ची पाने अद्याप भरून काढता येतील, कारण ती माणसे ज्यांनी पाहिली ते हयात आहेत. शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी पुरेत: कोणता जुना आजार होता, आजारी पडल्यापासून कितव्या दिवशी रुग्णालयात नेले, मृत्यू घरी झाला की वाटेत की रुग्णालयात. कुटुंबाची संमती घ्यावी आणि ही माहिती पुस्तकाबाहेर जाऊ देऊ नये. भाविकांनीही घरी मृत्यू झाल्यास २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत वा नगरपरिषदेत त्याची नोंद करावी.